नव्या गाडीची पहिली देखभाल, घरच्या अंगणात

पाडव्याला भाच्यानं १२५ सीसीची नवी गाडी घेतली. सिद्धेश्वराच्या देवळापुढं नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, हँडलवर झेंडूचा हार चढला. गडी सोलापूरच्या अशोक चौकातून रोज चिंचोळी एमआयडीसीला ये-जा करतो, त्यामुळं दोन आठवड्यांत मीटरवर ४८० किलोमीटर पडले. आणि एका रविवारी सकाळी तोंड पाडून दारात उभा. "मामा, गाडी पहिल्यासारखी वाटंना ओ. चेन वाजतीय, क्लच सैल पडलाय. शोरूमवाल्यानं फसवलं काय?"

कुणी फसवलं नव्हतं. गाडी बसत होती. नवी वहाण पहिले आठ दिवस चावते, मग कातडं पायाच्या मापाला येतं, तसंच लोखंडाचंही असतं. चेनच्या पिना आणि बुश एकमेकांत घासून जागा करतात, तेवढी चेन लांबते. क्लचची तार कव्हरमध्ये बसते आणि ढिली पडते. ब्रेकचे लायनर ड्रमला घासून त्याच्या गोलाईला येतात. हादऱ्यांनी आणि गास्केट दबल्यानं काही बोल्ट सैलावतात. इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि गिअरचे दात घासून लोखंडाचा बारीक भुगा ऑइलमध्ये उतरतो. चेन, तार, ब्रेक, बोल्ट, ऑइल, एवढ्या पाच गोष्टी जागेवर आणणं म्हणजे पहिली देखभाल. त्यातल्या चार कुणालाही घरी जमतात. पाचवीबद्दल माझं मत वेगळं आहे, ते आधीच सांगून टाकतो.

कूपन फाडू नका, वापरा

नव्या गाडीसोबत फ्री सर्व्हिसिंगची कूपनं येतात. पहिलं कूपन बहुतेक गाड्यांना ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा ठरलेल्या दिवसांत, यातलं जे आधी होईल तेव्हा वापरायचं असतं. नेमका आकडा तुमच्या माहितीपुस्तिकेत असतो. फ्री म्हणजे मजुरी फ्री; ऑइलचे पैसे द्यावे लागतात. हे बघून बरेच जण म्हणतात, ऑइलचे पैसे भरायचेच तर घरीच बदलू. तसं करू नका. कूपनं वेळेत कंपनीच्या अधिकृत सेंटरवर वापरणं ही बहुतेक कंपन्यांची वॉरंटीची अट असते. उद्या इंजिनात खरंच काही निघालं, तर पुस्तकावर शिक्का आहे का हेच आधी बघतात. तेव्हा पहिलं ऑइल सेंटरवरच बदला, फक्त समोर उभं राहून बदलून घ्या. जुनं ऑइल ट्रेमध्ये पडताना बघू द्या म्हणावं.

मग घरी काय करायचं? सेंटरला जायच्या आधी एकदा, आणि तिथून आल्यावर दर ५०० किलोमीटरला, बाकीची चार कामं. गर्दीच्या दिवशी सेंटरवर एका गाडीच्या वाट्याला किती वेळ येतो ते तिथं अर्धा तास उभं राहिलात की कळेल. चेनवर ब्रश फिरतो, गाडी धुतली जाते, "झाली साहेब". आपल्या अंगणात आपण घाईत नसतो. ऑइल बदलायचंही शिकून ठेवावं, कूपनं संपल्यावर उपयोगी पडतं. भाच्याचा हात बसावा म्हणून त्या दिवशी मी माझ्या सोळा वर्षं जुन्या गाडीचं ऑइल त्याच्याकडून बदलून घेतलं. ते पुढं सांगतो.

सामान

सीटखाली किंवा साइड कव्हरमागं कंपनीचा टूलकिट असतो, तो आधी शोधा. त्यात भागलं नाही तर ८-१०, १२-१३, १४-१५, १६-१७ हे पाने आणि मागच्या एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) नटाच्या मापाचा एक रिंग पाना घ्या. फिक्स पाना घट्ट नटावर घसरतो आणि नटाचे कोपरे मारतो. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी धरतो. ॲडजस्टेबल पाना मात्र घरात असला तरी गाडीच्या जवळ आणू नका, तो नळासाठी ठेवा. शिवाय एक स्टीलची पट्टी, जुना टूथब्रश, अर्धा लिटर रॉकेल किंवा डिझेल, ९० नंबरचं गिअर ऑइल, जुन्या सुती साडीची किंवा चादरीची फडकी (आपल्या गावात याला काय तोटा), आणि रद्दी. वही-पेनही जवळ ठेवा.

वेळ सकाळची. चैत्र-वैशाखात सोलापुरात नऊनंतर अंगणातली फरशी बसू देत नाही, आणि पान्याला हात लावला तर चटका बसतो. आम्ही साडेसहाला सुरुवात केली. दुसरं म्हणजे, आधी गाडी धुवायला जाऊ नका. इथं पाणी काही दिवसांआड येतं आणि बोअरचं पाणी जड. गरम सायलेन्सरवर पडलं की पांढरे डाग धरतं. अर्धी बादली पाणी, एक ओलं फडकं, एक कोरडं, एवढं बास. धूळ पुसताना गाडीच्या अंगाखांद्यावरून हात फिरतो आणि काय सैल आहे ते त्या हातालाच कळतं.

आधी नुसतं बघा

गाडी मेन स्टँडवर घ्या, जमीन सपाट असू द्या. मग पुढच्या चाकापासून सुरुवात करून एक फेरी मारा. पान्याला अजून हात नाही.

भाच्याच्या गाडीचं पुढचं चाक हातानं फिरवलं तर कुठंतरी सुर्र-सुर्र आवाज. वाकून बघितलं, तर पूजेच्या हाराचा दोरा एक्सलला गुंडाळत-गुंडाळत ऑइल सीलपर्यंत शिरलेला, वर वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या. चिमट्यानं उपसून काढला, हातभर निघाला. तो तसाच आत गेला असता तर सील कापून बेअरिंगमध्ये धूळ शिरायला वाट झाली असती. नव्या गाडीला हार घाला, पण संध्याकाळी काढून ठेवा. लिंबू-मिरचीची तारही क्लचच्या तारेत अडकणार नाही अशी बांधा.

टायरवर बोट फिरवत एक पूर्ण फेरा घ्या. आपल्याकडं रस्त्याकडेला वेडी बाभूळ माजलेली, तिचा काटा ट्यूबलेस टायरमध्ये मोडून बसला की हवा लगेच जात नाही. रोज थोडी-थोडी झिरपते आणि आपल्याला वाटतं पंपवाल्यानं कमी भरली. काळ्या रानातून जाणं होत असेल तर मडगार्ड आणि टायरच्या मधल्या फटीत बघा. ही माती ओली असताना चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. काठीनं खरवडून काढा, स्क्रूड्रायव्हरनं नको.

मग बोल्ट. आरसे, हँडलचे क्लँप, पुढच्या मडगार्डचे बोल्ट, फूटरेस्ट, साइड स्टँडचा पिव्होट, सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट, नंबरप्लेट, मागची शॉकॲब्सॉर्बर. प्रत्येकाला मापाचा पाना लावून हलकेच घट्ट होतो का एवढंच बघायचं. जो हलत नाही तो बरोबर आहे, त्याच्यावर ताकद काढायची नाही. भाच्याच्या गाडीत साइड स्टँडचा नट आणि नंबरप्लेटचा एक स्क्रू फिरला, बाकी सगळे जागेवर. इंजिन जिथं चासीला धरलेलं असतं ते मोठे बोल्ट सैल वाटले तर स्वतः आवळू नका. त्यांना ठरलेला टॉर्क, म्हणजे आवळायचा नेमका जोर असतो, सेंटरवाल्याला दाखवा.

हवा

हवा सकाळी, गाडी उभी असताना, थंड टायरमध्ये बघायची. दुपारी डांबर तापलेलं असताना टायरमधली हवा फुगते, मीटर जास्त आकडा दाखवतो, आणि लोक "जास्त झाली" म्हणून काढून टाकतात. रात्री ती कमी पडते. योग्य आकडा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांना एकटं असताना पुढं २५ आणि मागं २८-२९ पीएसआय लागते, मागं माणूस बसणार असेल तर मागच्या टायरला आणखी जास्त. व्हॉल्व्हचं टोपण हरवलं असेल तर नवं लावा, एवढीशी वस्तू धूळ अडवते.

चेन: इथं वेळ द्या

नव्या गाडीत सगळ्यात जास्त बदलते ती चेन, आणि सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडंच जातं.

एक गोष्ट आधीच सांगतो आणि ती मोडायची नाही. इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडकं लावायचं नाही. असं करताना फडकं ओढलं जातं आणि मागोमाग बोट चेन आणि स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) मधे जातं. गॅरेजात दोन बोटं थोटी असलेला मेकॅनिक तुम्ही पाहिला असेल. किल्ली खिशात, गाडी न्यूट्रल, मागचं चाक हातानं फिरवायचं.

स्वच्छता: ब्रश रॉकेलमध्ये बुडवून चेनच्या चारही बाजूंनी घासा, वीतभर झालं की चाक पुढं ढकला. खाली रद्दी टाका. पेट्रोल वापरू नका. एकतर ते पेट घेतं, दुसरं म्हणजे रबराच्या ओ-रिंगवाली चेन असेल तर ते रिंगा खराब करतं. मागांच्या गल्लीत गाडी लावत असाल तर चेनवर सुताचं तूस चिकटलेलं दिसेल. ते ऑइल पिऊन नमद्यासारखं होतं आणि आतली धूळ धरून ठेवतं. आधी कोरड्या ब्रशनं ते काढा, मग रॉकेल. झालं की कोरड्या फडक्यानं पुसून दहा मिनिटं वाळू द्या. काही गाड्यांना चेन पूर्ण झाकणारं कव्हर असतं, त्याला खाली रबरी बूच असतं. तिथून चेनचा सैलपणा बघता येतो आणि ऑइलही सोडता येतं. धुण्यापुरतं कव्हर सेंटरवर उघडून घ्या.

सैलपणा: खालच्या बाजूच्या चेनच्या मधोमध, दोन्ही स्प्रॉकेटच्या मध्यावर, पट्टी उभी धरा. बोटानं चेन वर ढकला, मग खाली ओढा. वरच्या आणि खालच्या टोकात जे अंतर पडतं तो सैलपणा. बऱ्याच गाड्यांना तो २० ते ३० मिलिमीटर सांगितलेला असतो, तुमचा आकडा पुस्तिकेतून घ्या. चाक थोडं-थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. चेन सगळीकडं सारखी लांबत नाही, आणि जिथं ती सगळ्यात घट्ट असेल तिथलं माप धरायचं. भाच्याच्या गाडीत ४२ मिलिमीटर निघालं. खडखड तिथूनच येत होती.

आवळणं: मागच्या एक्सलचा मोठा नट सैल करा, पूर्ण काढू नका. त्याला आरपार पिन असेल तर ती आधी सरळ करून काढा. पायब्रेक ड्रमचा असेल तर त्याच्या दांड्याचा नटही थोडा सोडा, नाहीतर चाक मागं सरकायला अडतं. आता दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेरा, एकदा डावा, एकदा उजवा, असे आवळा. पट्ट्यांवर रेघा खोदलेल्या असतात. दोन्हीकडं एकाच रेघेवर एक्सल आला पाहिजे. भाच्यानं डावीकडं तीन फेरे मारले आणि उजवी बाजू विसरला. चाक तिरकं झालं, चेन स्प्रॉकेटच्या एका बाजूला घासू लागली. "हळू बे, दोन्ही बाजू बघ," म्हटलं आणि सगळं सोडून परत केलं. सवयीनं येतं.

फार घट्ट करण्याचा मोह होतो, कारण घट्ट चेन शांत वाटते. पण मागं माणूस बसला, गाडी खड्ड्यात दबली, की चेन आणखी ताणली जाते. ती तिथं आधीच ताठ असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ येते. शंका असली तर एखादा मिलिमीटर सैलच ठेवा. मग एक्सलचा नट पक्का आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण नट घट्ट होताना माप हलतं. पिन काढली असेल तर नवी घाला. पायब्रेकचा दांडा परत जागेवर आणायला विसरू नका.

ऑइल: ९० नंबरचं ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूला थेंब-थेंब सोडा आणि चाक उलटं फिरवा. आत सोडलेलं ऑइल चेन फिरताना बाहेरच्या बाजूला पसरतं. पाच मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या फडक्यानं बाहेरून पुसून टाका. होय, पुसून टाका. ऑइल पिनांच्या आत हवं असतं. बाहेर चकचकत राहिलेलं ऑइल आपल्या गावची धूळ गोळा करतं आणि त्याची घासपेस्ट होते. जळकं ऑइल चेनला सोडायची फार जुनी सवय आहे लोकांना, फुकट मिळतं म्हणून. त्यात इंजिनातला भुगा आणि काजळी असते. नव्या चेनला ते लावणं म्हणजे तिचं वय आपणच कमी करणं.

तारा आणि ब्रेक

क्लचचा लिव्हर बोटानं हलकेच ओढा. तार ताणली जाण्याआधी लिव्हरचं टोक जेवढं मोकळं हलतं ते मोजा. बहुतेक गाड्यांना १० ते २० मिलिमीटर लागतं. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना खट्ट वाजतं. कमी असेल तर क्लच अर्धवट धरून घसरतो, प्लेटा जळतात. लिव्हरपाशी दोन चकत्यांसारखे नट असतात. लॉकचा नट सोडा, दुसरा फिरवून माप आणा, लॉक परत आवळा. तिथले आटे संपत आले तर इंजिनापाशीही एक ॲडजस्टर असतो.

ॲक्सिलरेटरची परीक्षा सोपी. गाडी सुरू करा, हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं वळवा. आवाज चढला तर तार कुठंतरी ओढली जातेय. ही गोष्ट घरी खेळायची नाही, सेंटरला सांगा.

मागचा ड्रम ब्रेक: पॅडलचं टोक २० ते ३० मिलिमीटर मोकळं खाली गेलं पाहिजे, पुढं ब्रेक धरला पाहिजे. चाकापाशी दांड्याच्या टोकाला नट असतो. त्याच्या खाचेत पिन नीट बसते, तसा अर्धा-अर्धा फेरा फिरवा. झाल्यावर चाक हातानं फिरवा, घासत असेल तर एक खाच सोडा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेले) तरी असतं नाहीतर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं). सीबीएसवाल्या गाडीत मागचा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही थोडा ओढला जातो. ती पुढं जाणारी जोडतार घरी सोडू नका. मागचं माप बदललं तर सेंटरला गेल्यावर तेवढं एकदा बघून घ्या म्हणावं. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा वेळेत लागतो ना, तेही बघा.

पुढं डिस्क असेल तर हँडलवरच्या डबीच्या खिडकीत ब्रेकऑइल दोन रेघांच्या मधे आहे एवढं बघायचं. डबी उघडायची नाही. ते ऑइल रंगावर पडलं तर रंग खातं. आणि चेनला ऑइल सोडताना डिस्कवर किंवा टायरवर उडालं तर लगेच पुसा, नाहीतर पहिल्याच वळणावर ते आठवेल.

ऑइल: जुन्या गाडीवर हात बसवा

माझ्या गाडीच्या इंजिनाखालचा ड्रेन बोल्ट मी एकदा मारलेला आहे. पंचवीस वर्षांचा होतो, "गळायला नको" म्हणून पान्यावर पाय देऊन आवळला. इंजिनाचं खालचं अंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. आटे सोलून निघाले. दुसऱ्या दिवशी तुळजापूरच्या घाटाखाली मागच्या टायरवर ऑइल, आणि गाडी ढकलत मी. पुढं लेथवाल्याकडं नवे आटे पाडून घेतले. म्हणून भाच्याला आधी पाना धरायलाच शिकवलं: पान्याच्या टोकाला नाही, मध्यावर मूठ, आणि मनगटाचा जोर. टॉर्कचा पाना मिळाला तर उत्तमच.

ऑइल विकत घेताना तीन गोष्टी बघायच्या. पुस्तिकेत सांगितलेला ग्रेड, म्हणजे १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० वगैरे. दुसरं, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असावं. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो, आणि कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. त्यानं क्लच घसरू शकतो. स्कूटरचं एमबी ऑइलही चालत नाही. तिसरं, मात्रा. पुस्तिकेत बहुधा दोन आकडे असतात, एक ऑइल बदलताना लागणारं आणि एक इंजिन पूर्ण खोलल्यावर लागणारं. नवखे दुसरा आकडा धरून जास्त ओततात.

गाडी तीन-चार मिनिटं चालवून इंजिन कोमट करा, कढत नको. मेन स्टँड. वरचं ऑइलचं टोपण उघडा, मग खाली पसरट भांडं ठेवा. पाच लिटरचा कॅन आडवा कापला की झालं. आता बोल्ट कुठल्या बाजूला फिरवायचा? सैल करायची दिशा घड्याळाच्या उलटी, पण बोल्टाकडं खालून बघून. वरून वाकून बघणारा माणूस गोंधळतो आणि आवळत बसतो. भाचा तेच करत होता. म्हटलं, फरशीवर आडवा हो, बोल्टाचं तोंड समोर घे, आता फिरव. सुटला. शेवटचे दोन आटे बोटानं सोडताना बोल्ट वर दाबून धरा आणि पटकन बाजूला घ्या, म्हणजे कोपरापर्यंत ऑइल येत नाही. त्याच्या आलंच.

दहा-पंधरा मिनिटं गळू द्या, तोवर चहा. बोल्टाचा वायसर नवा घाला. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो, एकदा दबला की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. बोल्ट हातानं लावा, तिरका जात असेल तर उलटा फिरवून पुन्हा. पूर्ण बसला की मग पाना. तुमच्या गाडीला कागदी फिल्टर असेल तर तो बदला, काहींना जाळी असते, ती रॉकेलमध्ये धुवा. मग नरसाळ्यानं नवं ऑइल, सांगितल्यापेक्षा थोडं कमी. एक मिनिट इंजिन चालवा, बंद करा, तीन मिनिटं थांबा, आणि ऑइल मोजायची पट्टी पुसून लेव्हल बघा. पट्टी आटे फिरवून घालायची की नुसती टेकवायची हे गाडीगणिक बदलतं, पुस्तिकेत चित्र असतं. वरच्या रेघेच्या किंचित खाली असलं की पुरे. जास्त ऑइल फेसाळतं आणि गाडी जड चालते.

जुनं ऑइल बाटलीत भरून ओळखीच्या गॅरेजात द्या, तिथं ते पिंपात जमा करून पुढं विकतात. गटारीत नाही, झाडाखाली नाही. गावाकडं वाळवीला म्हणून ते दाराच्या चौकटींना चोपडतात. घरात लेकरं असतील तर तेही नकोच. आणि हात साबणानं धुवा, जळकं ऑइल कातडीला चांगलं नाही.

पुढच्या आठवड्यात भाचा कूपन घेऊन सेंटरला गेला आणि ट्रेपाशी उभा राहिला. फोन केला, "मामा, तुमच्या गाडीचं नुसतं काळं होतं, ह्याच्यात जरीसारखं चमकतंय." तोच तो रिंगांचा आणि गिअरचा भुगा. पहिल्या ऑइलमध्ये एवढी चमक असतेच, घाबरायचं काम नाही. नखाला लागतील असे तुकडे निघाले तर मात्र तिथंच बोला.

यांना हात लावू नका

टॅपेट, स्पार्क प्लग, फ्युएल इंजेक्शनचं काहीही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या कडक नियमाच्या आहेत. सेन्सरच्या वायरी उगाच ओढल्या तर मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. आयडलिंगचा स्क्रू शोधत बसू नका, इंजेक्शनच्या गाडीत ते काम कॉम्प्युटर करतो. एअर फिल्टर उघडून बघायला हरकत नाही, पण कागदी फिल्टरवर तेलकट लेप असेल तर तो धुवायचा नाही, हवेनं उडवायचाही नाही. वेळ आली की बदलायचा. बॅटरीचे नट फक्त घट्ट आहेत का बघा. कधी काढायचीच झाली तर आधी काळी वायर, लावताना आधी लाल.

चालवून बघा, मग पुठ्ठा

पहिली फेरी गल्लीत, दहाच्या वेगात. दोन्ही ब्रेक एकेक करून धरा. चेन आवळल्यावर पायब्रेकचा दांडा सोडलेलाच राहिला, असं घडतं, आणि ते सात रस्त्याच्या सिग्नलला कळण्यापेक्षा दारात कळलेलं बरं. मग कंबर तलावापर्यंत जाऊन या, सगळे गिअर टाकून. परत आल्यावर एक्सलच्या नटाला पुन्हा पाना लावून बघा. वहीत तारीख, किलोमीटर, चेनचं माप आणि काय आवळलं ते लिहा. भाच्याच्या वहीत पहिली ओळ आहे: ४८० किमी, चेन ४२ वरून २५, साइड स्टँड नट, दोरा काढला.

पहिल्या १००० किलोमीटरपर्यंत पुण्याच्या हायवेवर एकाच वेगात तासन्‌तास ताणू नका. वेग कमी-जास्त करत चला, म्हणजे रिंगा सगळीकडं सारख्या बसतात. पुस्तिकेत पहिल्या टप्प्याची वेगमर्यादा दिलेली असते, तेवढी पाळा.

ऑइल बदललं असेल तर रात्री इंजिनाखाली एक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी बघा. एखादा थेंब असला तर बोल्टाभोवती पुसून घ्या, हलकेच आवळून बघा, पुठ्ठा बदला. दुसऱ्या दिवशीही डाग आला तर जोर वाढवू नका. ऑइल काढा, नवा वायसर घाला, पुन्हा लावा.